पूल ओलांडला की पिस्तुलाचा गुन्हा होतो

बीडमधल्या शस्त्रपरवान्यांचा विषय निघाला की आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी लिहितंच, "गुंडांकडे आहेतच, मग साध्या माणसालाही द्या की. अमेरिकेत बघा, कसं मोकळं आहे!" मग सगळे माझ्याकडे वळतात, कारण ग्रुपमधला अमेरिकावाला मी.

अमेरिकेत म्हणजे कुठे, हे आधी सांगा. मी न्यू जर्सीत राहतो. ट्रेंटनहून डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडला की पेनसिल्व्हेनिया. तिथे पिस्तूल अंगावर लपवून बाळगायचा परवाना काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, शेरीफ देतो आणि अर्जदार कायद्याने अपात्र नसेल तर द्यावाच लागतो. न्यू जर्सी हा परवाना मानत नाही. तोच माणूस तेच पिस्तूल घेऊन पुलाच्या अलीकडे आला की 5 ते 10 वर्षांच्या कैदेचा गुन्हा, आणि ग्रेव्हज अॅक्ट या न्यू जर्सीच्या बंदुकीच्या गुन्ह्यांवरच्या कायद्यानुसार त्यातली किमान साडेतीन वर्षं पॅरोल नाही.

ही नुसती पुस्तकी भीती नव्हे. 2013 मध्ये फिलाडेल्फियाच्या एका बाईला न्यू जर्सीतल्या अटलांटिक काउंटीत रहदारीच्या किरकोळ कारणावरून पोलिसांनी थांबवलं. एकटीने मुलं वाढवणारी, आधी कसलाही गुन्हा नाही. तिने आपणहून सांगितलं, पर्समध्ये पिस्तूल आहे, हा त्याचा पेनसिल्व्हेनियाचा परवाना. थेट अटक. खोटं बोलली असती तर कदाचित सुटली असती! बरीच ओरड झाल्यावर 2014 मध्ये तुरुंग टळला, 2015 मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी माफी दिली.

आपल्या मंडळींची गंमत आणखी वेगळी. लास व्हेगासला जाऊन शूटिंग रेंजवर भाड्याची बंदूक चालवायची आणि फोटो फेसबुकवर टाकायचे, हा आयटीतल्या पोरांचा आवडता कार्यक्रम. पण एच-1बी या नोकरीसाठीच्या व्हिसावरच्या माणसाने बंदूकच काय, काडतूस बाळगणंही केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे आणि 2022 पासून त्याची कमाल शिक्षा 15 वर्षं आहे. सूट कुणाला? ज्याने शिकारीचा परवाना काढलाय त्याला! ज्याने जन्मात ससा मारला नाही अशा आमच्या कोथरूडच्या पोराला हे कोण सांगणार? ग्रीन कार्ड मिळालं की बंदूक घेता येते, पण बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर हद्दपारी होऊ शकते.

तेव्हा "मोकळं" हा शब्द जरा जपून वापरा.

पण माझं खरं म्हणणं पुढे आहे. 2022 पर्यंत न्यू जर्सीत पिस्तूल बाळगायचा परवाना हवा असेल तर ठोस गरज पटवून द्यावी लागे. पटली की नाही, हे अधिकारी आणि न्यायाधीश ठरवणार. निवृत्त पोलिसांना मिळे, दुकानदाराला बहुधा नाही. म्हणजे जवळजवळ आपल्या जिल्हाधिकारी कचेरीसारखंच. मग न्यूयॉर्कच्या अशाच कायद्यावरच्या ब्रुएन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गरज सिद्ध करा ही अटच घटनेत बसत नाही. तेव्हापासून इथेही परवाने भराभर निघाले. आता दुकानात रांगेत पुढे उभ्या असलेल्याच्या जाकिटाखाली काय आहे, हा विचार माझ्या डोक्यात येतो. पूर्वी येत नसे.

म्हणून भारताचा "आधी कारण दाखव" हा कायदा मला बरा वाटतो. तो सोडू नये. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात आणि विनापरवाना बंदुकीची शिक्षा 2 ते 5 वर्षं झाली. प्रत्येक गोळीबारानंतर "कायदा कडक करा" म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं. फेब्रुवारी 2024 चा एकच आठवडा आठवा. उल्हासनगरला पोलीस ठाण्यातच गोळीबार, आरोपी सत्ताधारी पक्षाचे आमदार. मग मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुक लाइव्ह चालू असताना हत्या, पोलिसांच्या म्हणण्यानुसार मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या पिस्तुलातून, आणि त्याचा परवाना उत्तर प्रदेशातला. ही काही गावठी कट्ट्यांची गोष्ट नव्हे. हत्यार परवान्यातून आलं होतं.

शस्त्र कायद्याचं कलम 14 म्हणतं, परवाना नाकारला तर कारणं लेखी नोंदवा. दिला तर का दिला, हे लोकांपुढे मांडायची सक्ती कुठे आहे? बीडमध्ये हजारावर परवाने आहेत हे डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला, सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी आकडे मांडले, तेव्हा राज्याला कळलं. मग प्रशासनाने भराभर परवाने रद्द केले. जे चार दिवसांत रद्द होऊ शकले ते दिले कुणाच्या सांगण्यावरून? यावर कुठल्या चॅनेलवर चर्चा झाली असेल तर मला लिंक पाठवा.

न्यू जर्सीत किती जणांनी परवाना मागितला, किती जणांना मिळाला आणि किती अर्ज फेटाळले, हे अॅटर्नी जनरलच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. माणसांची नावं नाहीत, फक्त आकडे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्हाधिकाऱ्याने आणि पोलीस आयुक्ताने दर तीन महिन्यांनी एवढा तक्ता लावावा, आणि त्यात एक रकाना वाढवावा: परवाना देताना अर्जदारावर गुन्हे दाखल होते का.