ऑन-रोड किती?

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चुलतभावाने एका बिलाचा फोटो टाकला. पुण्यात चौघं जेवायला गेली होती, बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज न विचारता लावलेला. त्याने मॅनेजरला बोलावून तो काढायला लावला आणि फोटोखाली लिहिलं, "ही लूट फक्त आपल्याकडेच चालते. ताई, तुमच्या अमेरिकेत कुणी खपवून घेईल का?" भराभर अंगठे आले. मी त्या दिवशी काही लिहिलं नाही. आज लिहिते. इकडेही खपवून घेतात, आणि मी स्वतः डिसेंबरात खपवून घेतलंय.

आई-बाबा सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते. अमेरिकेचा व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही, म्हणून नाताळच्या सुट्टीत कानकुनला जायचं ठरलं. आईचे गुडघे दुखतात, सहलीच्या बसमागे धावणं तिला जमलं नसतं, म्हणून गाडी भाड्याने घेतली. दरांची तुलना करून देणाऱ्या एका वेबसाइटवर सहा दिवसांचे ४८ डॉलर दिसले, करांसहित. पैसे तिथे गेल्यावर द्यायचे होते. मी लगेच बुक करून टाकली.

विमानतळावरून शटलने त्यांच्या ऑफिसात पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट, लायसन्स, कार्ड घेतलं, काहीतरी टाइप केलं आणि कॅल्क्युलेटर आमच्याकडे फिरवला. २१५.

थर्ड पार्टी विमा, दिवसाला २४ डॉलर. सहा दिवसांचे १४४, वर १६ टक्के कर. झाले १६७, आणि आमचे ४८. विमा सक्तीचा, त्याशिवाय किल्ली नाही. नवऱ्याने क्रेडिट कार्ड पुढे केलं, यावर भाड्याच्या गाडीचा विमा मिळतो म्हणाला. तिने शांतपणे विचारलं, "तो तुमच्या हातातल्या गाडीचा झाला, सर. समोरच्या माणसाला लागलं तर?"

तिचं बरोबर होतं. अमेरिकेतल्या आमच्या पॉलिसीतला थर्ड पार्टीचा भाग मेक्सिकोत चालत नाही, तिथे परवाना असलेल्या कंपनीचाच विमा लागतो. अपघातात कुणी जखमी झालं तर भरपाईची सोय दाखवेपर्यंत ड्रायव्हरला अडकवून ठेवू शकतात. आपल्याकडेही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तो याच कारणासाठी. रस्त्याने चाललेल्या माणसाला गाडीने उडवलं, तर त्याच्या घरच्यांना गाडीवाल्याच्या दयेवर राहायला लागू नये. त्या १६७ डॉलरबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती ४८ डॉलरबद्दल. ती गाडी ४८ डॉलरला कुणालाच मिळणार नव्हती, आणि किंमत लावणाऱ्याला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आम्ही चौघं, पाच बॅगा, बाहेर ऊन, आई खुर्ची शोधत होती. दुसरीकडे जावं तर सुट्टीतले दर आणखी चढलेले. कार्ड दिलं. माणूस या अवस्थेत काउंटरवर येणार हे धरूनच ती किंमत मांडलेली असते.

मागे उभे असलेले बाबा म्हणाले, "अगं, ऑन-रोड किती पडणार ते आधी नाही विचारलंस?"

रात्री हॉटेलात बुकिंगची ईमेल पुन्हा उघडली. अटींच्या पार तळाशी एक ओळ होती: 'स्थानिक विमा लागू होऊ शकतो.' मला सगळ्यात जास्त राग त्या 'होऊ शकतो'चा आला. तो लागू होणारच होता, प्रत्येक गिऱ्हाइकाला आणि प्रत्येक वेळी. पावसाबद्दल बोलावं तसं ते विम्याबद्दल बोलत होते.

बाबा एसटीत कंडक्टर होते, २०१८ मध्ये निवृत्त झाले. दुसऱ्या दिवशी चिचेन इत्साचे जुने माया अवशेष बघायला जाताना, दोन्ही बाजूंना नुसतं ठेंगणं जंगल असलेल्या टोलच्या सरळ रस्त्यावर त्यांनी मला एक रुपयाची गोष्ट सांगितली. एप्रिल २०१६ पासून एसटीने प्रत्येक तिकिटामागे एक रुपया अपघात सहायता निधी घ्यायला सुरुवात केली. तोही एक प्रकारचा विमाच, सक्तीचा, प्रवाशाला नको म्हणायची सोय नाही. "पण मशिनमधून तिकीट निघायचं त्यात तो रुपया धरलेला असायचा," बाबा म्हणाले. "मिरजेत माणसं उतरायला लागल्यावर दारात उभा राहून मी इन्शुरन्सचा रुपया मागितला असता, तर मला बसमधून खाली ओढला असता."

एवढंच माझं म्हणणं आहे. जो पैसा टाळताच येत नाही तो तिकिटात असला पाहिजे.

मग तो तिकिटात का नसतो? गाडीवाल्यांपेक्षा याला दरांची तुलना करणारी पानं जास्त जबाबदार आहेत, असं मला वाटतं. तिथे सगळ्यात कमी आकडा सगळ्यात वर दिसतो. विमा धरून प्रामाणिकपणे २१५ लिहिणारा माणूस तिसऱ्या पानावर जातो आणि मीसुद्धा तिसऱ्या पानापर्यंत जात नाही. त्यामुळे जो खरं लिहितो त्याचा धंदा बसतो. ही गोष्ट एकेका दुकानदाराच्या सचोटीवर सोडून भागत नाही, इथे कायदाच लागतो.

आणि कायदा मेक्सिकोत आहे. तिथल्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७ बिसमध्ये लिहिलंय की विक्रेत्याने एकूण रक्कम ठळकपणे सांगितली पाहिजे आणि त्या रकमेत कर, कमिशन, विमा, सगळं धरलं पाहिजे. विमा हा शब्द त्या कलमातच आहे. युरोपात २०१९ मध्ये भाड्याच्या गाड्यांच्या पाच बड्या कंपन्यांनी युरोपीय आयोगाच्या दबावाखाली सगळे सक्तीचे खर्च पहिल्या किमतीत दाखवायचं कबूल केलं. ब्रिटनमध्ये सक्तीचे आकार नंतर चिकटवण्यावर एप्रिल २०२५ पासून बंदी आहे. म्हणजे हे करता येतं.

अमेरिकेत काय आहे? कॅलिफोर्नियाने जुलै २०२४ पासून लपवलेल्या आकारांना बंदी घातली. केंद्राचा नियम मे २०२५ मध्ये लागू झाला, तो कार्यक्रमांची तिकिटं आणि हॉटेलसारख्या मुक्कामांपुरता. भाड्याच्या गाड्या त्यातून सुटल्या. आमच्या न्यू जर्सीत भाड्याच्या गाडीवर दिवसाला ५ डॉलर डोमेस्टिक सिक्युरिटी फी असते. विमानतळावरून गाडी घेतली तर विमानतळाचे आकार वेगळे, टोलच्या यंत्राचे दिवसाचे पैसे वेगळे. आणि दुकानात तर रोजचंच. बाबा पहिल्यांदा आले तेव्हा साबणाची वडी हातात धरून बराच वेळ तिच्यावर काहीतरी शोधत होते. फळीवर १.९९ लिहिलेलं, पावतीवर २.१२ आले. ते एमआरपी शोधत होते, 'सर्व करांसहित'.

चौदा वर्षांपूर्वी इकडे आले तेव्हा मी पुड्यावर छापलेल्या त्या दोन शब्दांकडे कधी बघितलंही नव्हतं. खेड्यातल्या टपरीवर बिस्किटाचा पुडा घेणारं पोरगंसुद्धा छापील किमतीवर बोट ठेवून भांडू शकतं, ही ताकद इथल्या श्रीमंत गिऱ्हाइकाकडे नाही. आपल्याकडच्या चर्चेत याचा कुणी उल्लेखही करत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पण म्हणून आपल्याकडे सगळं ठीक आहे असंही नाही. बाबांचा 'ऑन-रोड' शब्द कुठून आला? गाडीच्या जाहिरातीत एक्स-शोरूम किंमत असते आणि त्या किमतीत गाडी रस्त्यावर येतच नाही. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के वाहन कर आहे, त्यावर विमा, रजिस्ट्रेशन, आणि कधी कधी डीलरचा हँडलिंग चार्ज. हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की आपण त्यासाठी शब्दच तयार केला आणि पहिला प्रश्न तोच विचारतो. काउंटरवर माझ्याकडे तो शब्द नव्हता. पण ज्याला तो शब्द ठाऊक नाही त्याने फसावं का? जाहिरातीत ऑन-रोड किंमतच छापायला काय हरकत आहे, शहरानुसार का होईना?

सिनेमाच्या ऑनलाइन तिकिटावरच्या कन्व्हीनियन्स फीचा वाद मला थोडा वेगळा वाटतो. राज्य सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये आदेश काढून ती बंद केली होती, मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ते आदेश रद्द केले. घरी पुष्कळजण चिडले. मी नाही चिडले. खिडकीवर जाऊन तिकीट काढायची सोय असेल तर घरबसल्या काढण्याचे जास्त पैसे मागणं हा व्यवहार झाला. फक्त ते पैसे सीट निवडतानाच दिसले पाहिजेत, शेवटच्या पानावर कार्डाचा नंबर टाकून झाल्यावर नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन फसवणुकीचे जे तेरा प्रकार अधिसूचित केले, त्यात ही थेंबाथेंबाने वाढणारी किंमत आहे. मग जेवणाच्या अ‍ॅपवर ती अजून का दिसते, हा प्रश्न ग्रुपवर विचारण्यासारखा आहे.

आणि भावा, तुझ्या बिलाबद्दल. तू केलंस ते बरोबरच केलंस, पण तू एकटा नव्हतास. सर्व्हिस चार्ज आपोआप लावू नये अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ती उचलून धरली. पुढच्या वेळी मॅनेजर आवाज चढवायला लागला तर तिथूनच ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन लाव. वाद जिंकून, फोटो टाकून थांबू नकोस. पुढच्या टेबलवरच्या म्हाताऱ्या जोडप्याने ते दहा टक्के भरलेच असतील.

मी माझी तक्रार लिहायला घेतली आहे, एक त्या वेबसाइटला आणि एक मेक्सिकोच्या ग्राहक कार्यालयाला. ऑफिसातली एक मेक्सिकन मैत्रीण दुसरीचं स्पॅनिश करून देते आहे. बाबांना काल फोनवर मसुदा वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाले, "दोनशे पंधरा हा आकडा पहिल्या ओळीत घे. तू तो खाली टाकला आहेस."

आता तो पहिल्या ओळीत आहे.