परत यायचं तर असं यावं

बँड फुटतो, सगळे आपापल्या वाटेने जातात, आणि काही वर्षांनी तिजोरीत खडखडाट झाला की पुन्हा गळ्यात गळे. जुनीच गाणी, सुटलेली पोटं, महागडी तिकिटं. त्यामुळे 'कमबॅक अल्बम' म्हटलं की मी आधी नाक मुरडते.

अपवाद 'डी एर्त्स्टे' या जर्मन बँडचा. नावाचा अर्थ 'डॉक्टर्स'. १९८२ मध्ये बर्लिनला सुरू झालेलं हे पंक (म्हणजे उद्धट, दणदणीत रॉक) वाजवणारं त्रिकूट स्वतःला बिनदिक्कत 'जगातला सर्वोत्तम बँड' म्हणवतं. गायकाने घेतलेलं नाव फारीन उर्लाऊब. भरभर म्हटलं की 'सुट्टीवर जा' असं ऐकू येतं! १९८८ मध्ये त्यांनी गाशा गुंडाळला. मग उर्लाऊबने दुसरा बँड काढून इंग्रजीत गाऊन पाहिलं. ते काही रुजलं नाही.

तेवढ्यात जर्मनी एक झाली आणि तिथलं वातावरण नासलं. ऑगस्ट १९९२ मध्ये रोस्टॉकला जमावाने निर्वासितांच्या आणि व्हिएतनामी कामगारांच्या इमारतीवर हल्ला केला, बघे टाळ्या वाजवत होते. मे १९९३ मध्ये झोलिंगेनला एका तुर्की कुटुंबाचं घर पेटवलं, पाच मुली-बायका गेल्या. त्याच वर्षी हा बँड परतला, आणि परतल्यावरचं पहिलंच गाणं होतं 'श्राय नाख लीबे', म्हणजे प्रेमासाठी आक्रोश. नवा बास वादक रोड्रिगो गोन्सालेस चिलीत जन्मलेला. लष्करी उठावानंतर त्याचं कुटुंब पळून जर्मनीत आलं होतं.

गाणं एका नवनाझी पोराला उद्देशून आहे. द्वेष हीच तुझी 'आटिट्यूड' असं म्हणून लगेच टोमणा, की हा शब्द तरी तुला कुठे कळणार म्हणा! मधेच गिटारी थांबतात, व्हायोलिनं येतात, गोडगोड सुरात त्याची कीव केली जाते. पुन्हा दणका, आणि शेवटी एक सणसणीत शिवी. चाल अशी की लहान पोरही गुणगुणेल. पॉपमुळे पंक बोथट होतो म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं. नुसतं किंचाळले असते तर आधीच पटलेल्यांनीच ऐकलं असतं.

माझी एक तक्रार आहेच. गुंडाला म्हणे प्रेम मिळालं नाही म्हणून तो तसा. इतकं सोपं? आणि ज्यांची घरं जळली ते गाण्यात कुठेच नाहीत.

२०१५ मध्ये निर्वासितांच्या निवाऱ्यांवर पुन्हा हल्ले सुरू झाले, तेव्हा एका संगीतशिक्षकाच्या पुढाकाराने लोकांनी हेच गाणं विकत घेऊन घेऊन जर्मनीत पहिल्या क्रमांकावर नेलं. बावीस वर्षांनी! बँडने ते पैसे निर्वासितांसाठी काम करणाऱ्या 'प्रो आझ्युल' संस्थेला दिले.

पुण्यात जर्मन शिकताना आमच्या बाईंनी हे वर्गात लावलं होतं. भाषांतर करायला सांगितलं आणि शेवटच्या शब्दापाशी बाई थांबल्या. मागच्या बाकावरून कुणीतरी 'हलकट' म्हणालं. बाईंनी मान हलवली, "अहं, अजून खाली."