भावना म्हणजे लबाडी? आधी तो सिनेमा नीट पाहा

‘सिनेमातली पात्रं तुम्हाला कशी गंडवतात’ हा मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. त्यातले दावे तीन. विश्वासार्हता म्हणजे पद आणि पोशाख. भावनेला हात घालणं म्हणजे लबाडी. आणि प्रामाणिक माणूस फक्त तथ्यं बोलतो, ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ या सिनेमातल्या आठव्या ज्यूररसारखा (ज्यूरर म्हणजे खटल्यात आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवायला बसवलेला सामान्य नागरिक). मी सोडून दिलं असतं. पण तो वाचून माझ्या भाचीने रस्ते-अपघातांवरच्या भाषणातून स्वतःच्या मित्राच्या अपघाताचा परिच्छेदच काढून टाकला.

पद-पोशाखाचं आधी उरकते. मेसेजमध्ये ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलचा हवाला आहे. त्याच्या ‘ऱ्हेटरिक’ या वक्तृत्वावरच्या ग्रंथाच्या पहिल्या भागातलं दुसरं प्रकरण उघडा. वक्त्याबद्दलचा विश्वास त्याच्या बोलण्यातूनच निर्माण व्हायला हवा, त्याच्याविषयीच्या आधीच्या मतातून नव्हे, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. पांढरा कोट दिसला की प्रेक्षक पटकन विश्वास टाकतो, एवढं मान्य. पण पात्राने तोंड उघडलं की कोट पुरत नाही.

आता तो सिनेमा. १९५७चा, सिडनी ल्युमेटचा. मेसेज लिहिणाऱ्याने तो पाहिलाय का, अशी मला खरंच शंका आहे. बारा ज्यूरर एका खोलीत, खुनाचा आरोप असलेल्या मुलाच्या जिवाचा प्रश्न, पहिलं मतदान ‘दोषी’च्या बाजूने अकरा विरुद्ध एक. हा एकटा आठवा ज्यूरर सुरुवात कशाने करतो? मुलाच्या बालपणाने. आई नवव्या वर्षी गेली, बाप तुरुंगात असताना दीड वर्ष अनाथाश्रमात काढलं. त्याच्याबद्दल निदान थोडं बोलायला तरी हवं, एवढंच त्याचं मागणं. ही भावनाच आहे, पण ती पुराव्याची जागा घेत नाही. पुरावा तपासायला इतरांना बसवून ठेवते. मग तो खुनातल्या चाकूसारखाच दुसरा चाकू टेबलावर रोवतो, तसा चाकू दुसऱ्या कुणाकडेही असू शकतो हे दाखवायला. मुलगा निर्दोष आहे असंही तो छातीठोकपणे म्हणत नाही, ‘मला माहीत नाही’ म्हणतो, आणि विश्वास नेमका तिथे बसतो.

‘माझ्या वैयक्तिक भावना नाहीत, मी तथ्यं बोलतो’ हे वाक्य या सिनेमात आहे खरं. ते तिसऱ्या ज्यूररचं आहे! शेवटी स्वतःच्या मुलाचा फोटो फाडून कोसळतो तो. दुरावलेल्या मुलावरचा राग तो तासभर तथ्यांच्या नावाखाली त्या आरोपीवर काढत होता.

पार्श्वसंगीत आणि क्लोजअपने रडवणारे सिनेमे ढिगाने आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण भाचीने लिहिलेला अपघात खरा होता आणि तिच्या मुद्द्याशी थेट जोडलेला होता. काल रात्री आम्ही तो परिच्छेद परत घातला, आकडेवारीच्या आधी.