टीम कशी आहे ते उतरताना कळतं

आमच्या ऑफिसवाल्यांना अधूनमधून टीम बिल्डिंगचा झटका येतो. मग कर्जतच्या रिसॉर्टला बस निघते, डोळ्याला पट्टी बांधून एकमेकांच्या अंगावर पडायचं, त्याला ट्रस्ट म्हणायचं, रात्री डीजे, आणि सोमवारी परत तेच, एकमेकांच्या चुका बॉसला सीसीत टाकून मेल. मला विचाराल तर तो खर्च वाचवा आणि सगळ्यांना जुलै-ऑगस्टमधे रात्री जोगेश्वरीला नाहीतर माझगावला कुठल्याही गोविंदा पथकाच्या दहीहंडीच्या सरावाला नेऊन उभं करा. गुरुपौर्णिमेपासून सुरू होतो बहुतेकांचा. कुणी दिवसभर डिलिव्हरी करून आलेला असतो, कुणी बँकेतून, कुणाची उद्या परीक्षा असते, पगार शून्य आणि तरी हजेरी ऑफिसपेक्षा चांगली.

टीव्हीवर दिसतो तो फक्त एक्का. सगळ्यात वरचं ते पोर, हात वर करून सलामी देतं आणि खाली जल्लोष. जय जवान पथकाने 2012 ला ठाण्यात 9 थर लावले, 43.79 फूट, गिनीजमधे नाव गेलं. 2025 ला ठाण्यातच कोकण नगरच्या पोरांनी 10 लावले. पण हे 9 आणि 10 ज्यांच्या खांद्यावर उभे होते त्यांना त्यातलं काहीच दिसलेलं नसतं हो! खालच्या थरातल्याने मान खाली घालून उभं राहायचं, वर बघायचं नाही, कारण मान वर केली की खांदा हलतो. वर काय चाललंय ते त्याला कोचच्या आवाजावरून आणि खांद्यावरच्या पायावरून कळतं. आणि त्याच्या पाठीला छाती लावून घेराला उभी असलेली पोरं, त्यांची तर कोणी मोजदादही करत नाही.

आता लोक म्हणतील आनंदी टीम म्हणजे सगळे एकमेकांशी गोड. अजिबात नाही. पथकात तोंडावर सांगतात, "भावा वजन वाढलंय तुझं, यंदा चौथ्यावर नाही, खाली ये." आणि तो येतो. वाईट वाटतं, दोन दिवस तोंड पाडून बसतो, पण येतो, कारण खाली आलेला कमी असं तिथं कोणी मानत नाही. आमच्याकडे टीम लीडला परत डेव्हलपर हो म्हटलं तर तो नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल अपडेट करेल त्याच रात्री.

पण माझ्या मते खरी परीक्षा पुढची आहे. थर चढवणारी पथकं भरपूर आहेत, लावलेले थर सुखरूप उतरवणारी कमी. स्पेनच्या कॅटालोनियात असेच माणसांचे मनोरे लावतात, 2010 ला युनेस्कोच्या यादीत गेलेत. तिकडच्या स्पर्धेत नुसता मनोरा चढवला तर कमी गुण, चढवून नीट उतरवला तर जास्त. मला हा नियम फार म्हणजे फार आवडतो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी एक्क्याने हात वर केला की थर मोजून झाले, डीजे चालू, स्टेजवर नेते आणि हिरोइन, आणि पाठीमागे सगळं कोसळलं तरी बक्षीस पक्कं.

जी पथकं मला आवडतात तिथे काय होतं, तर खालचा एखादा थरथरायला लागला की तो ओरडतो आणि कोच लगेच थर उतरवायला सांगतो. सहा झालेत, सातवा चढतोय, खाली गर्दी बोंबलतेय, लाखाचं बक्षीस समोर आहे, तरी उतरतात. नंतर त्या पोराला कोणी टोमणा मारत नाही, हे महत्त्वाचं, कारण एकदा टोमणा बसला की पुढच्या वेळी तो दात-ओठ खाऊन गप्प उभा राहणार आणि मग वरचे सगळे जाणार.

आणि जिथे असं थांबवणारं कोणी नसतं तिथलं पण बघितलंय आपण. 14 च्या खालच्या पोरांना चढवणार नाही असं सरकारनेच 2017 ला हायकोर्टात सांगितलं होतं, तरी 2025 ला दहिसरला सरावात 11 वर्षांचा मुलगा पडून मेला. 2022 ला साहसी खेळाचा दर्जा जाहीर झाला, विमा आला, ठीक आहे, चांगलंच आहे. पण त्या पोराला चढवू नका म्हणणारा एक माणूस तिथे हवा होता, आणि त्याचं ऐकणारे बाकीचे हवे होते. एवढ्या गर्दीत एकालाही वाटलं नसेल का? मला नाही पटत. वाटलं असणार, बोलला नसणार.

आमच्या मीटिंगमधे डेडलाइन अशक्य आहे हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे "येस, डुएबल" म्हणून उठतात, ते बघून मला दरवेळी हेच आठवतं.

पथकातले कोणी वाचत असाल तर सांगा, तुमच्याकडे उतरा म्हणायचा हक्क फक्त कोचला आहे की खालच्या थरातला कोणीही म्हणू शकतो?