नारिंगी अस्तर आणि खोबरेल तेल

महिनाभरात हा मजकूर मला चार व्हॉट्सअ‍ॅप गटांतून आला. शेवटचा डोंबिवलीच्या चुलतभावाने धाडला, "दादा, खरं का रे हे?" असं विचारत. मजकूर थोडक्यात असा: चोर बाजारात दोन-तीन हजारांत मिळणारं जुनं पायलटी जॅकेट दुसऱ्या महायुद्धातलं असू शकतं, मुंबईत उतरलेले अमेरिकन वैमानिक ती इथेच विकून गेले. खुणा चार. अस्तर नारिंगी हवं, लेबलवरचं ३०-१४१५ म्हणजे १९३० साल, चेनवर 'टॅलन' हवं, आणि जांभळ्या (यूव्ही) टॉर्चखाली धागा चमकता कामा नये. असं जॅकेट सापडलं की खोबरेल तेल चोळून दोन दिवस उन्हात टाकायचं, फाटकं अस्तर आणि मनगटाची रिब, म्हणजे विणलेली लवचीक पट्टी, नवी बसवायची. किंमत दसपट.

नारिंगी अस्तराचं तर सपशेल उलटं आहे. नायलॉनचं, आत नारिंगी असलेलं जॅकेट म्हणजे एमए-१. हा प्रकारच १९५० च्या सुमाराला आला आणि नारिंगी अस्तर त्याहून उशिरा, १९६० च्या आसपास. विमान पडलं तर वैमानिकाने जॅकेट उलटं घालायचं, म्हणजे शोधणाऱ्यांना वरून ठिपका दिसतो, एवढ्यासाठी तो रंग. तेव्हा नारिंगी अस्तर दिसलं की महायुद्ध बाद. विकणारा कितीही शपथा घेऊ दे.

३०-१४१५ ची चूक मला मात्र समजू शकते, कारण मीही ती केली होती. महायुद्धातलं प्रसिद्ध चामडी जॅकेट म्हणजे ए-२. १९३१ साली अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाने ते स्वीकारलं आणि १९४३ मध्ये नवी कंत्राटं थांबवून कापडी जॅकेटांकडे वळले. ३०-१४१५ हा त्याच्या आराखड्याचा नंबर आहे. १९४२ च्या जॅकेटवरही तोच असतो, त्यामुळे त्यावरून साल कळतच नाही. साल शोधायचं ते ऑर्डर नंबरात. तो ४२ ने सुरू होत असेल तर अमेरिकेचं १९४२ चं आर्थिक वर्ष, आणि ते तेव्हा १ जुलैला सुरू व्हायचं. म्हणजे ४२ चं कंत्राट १९४१ च्या ऐन पावसाळ्यातही निघालेलं असू शकतं. काही कंत्राटांवर मात्र 'डब्ल्यू ५३५ एसी' अशा धाटणीचे नंबर असतात, त्यांत साल नसतंच. तिथे लेबलवरचा कारखाना, कॉलरची बांधणी आणि खिशाच्या झाकणाचा आकार यांची एकमेकांशी गाठ घालावी लागते.

एमए-१ चं काम सोपं आहे. लेबलवर 'डीएसए' (अमेरिकी लष्कराला माल पुरवणारं खातं) असलं तर ते १९६० किंवा १९७० च्या दशकातलं, कारण १९७७ मध्ये त्या खात्याचं नाव बदलून 'डीएलए' झालं. 'डीएसए १००' नंतरचे दोन आकडे कंत्राटाचं वर्ष सांगतात. लेबलवरचा लष्करी साठ्याचा नंबर ११ आकडी असेल तर ती १९७४ आधीची पद्धत, १३ आकडी असेल तर नंतरची. हे सगळं बोटाएवढ्या चिंधीवर असतं. माझ्या सासऱ्यांनी आणलेल्या जॅकेटची ती चिंधी मानेला टोचते म्हणून घरातल्याच कुणीतरी ब्लेडने उसवली. त्याचं साल आज कोणीच सांगू शकत नाही.

'टॅलन' चेनबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ही कंपनी युद्धाच्या आधीही चेन बनवायची आणि नंतरही कित्येक वर्षं. शिवाय ए-२ वर क्राउन आणि कॉनमारच्या चेनही येत. वायकेके या जपानी कंपनीची चेन दिसली की लोक 'नकली' म्हणून जॅकेट फेकतात, पण कुणी तरी नंतर चेन बदललेली असू शकते.

टॉर्चची परीक्षा अर्धी खरी आहे. आजकालच्या धुण्याच्या पावडरीत कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून जे द्रव्य घालतात, तेच जांभळ्या उजेडात निळसर चमकतं. त्या काळचा सुती धागा तसा चमकत नाही. पण तोच धागा गेल्या वर्षी घरी धुतला असेल तर चमकेल. उलट चमकला नाही म्हणून तो जुना, असंही नाही. पॉलिएस्टर धागा मात्र चोख साक्षीदार, कारण पॉलिएस्टर बाजारात आलं ते युद्धानंतर. ए-२ च्या सगळ्या शिलाया त्याच धाग्याच्या असतील तर जॅकेट नंतरचं, किंवा पूर्ण उसवून पुन्हा शिवलेलं.

वैमानिक 'इथेच विकून गेले' हे ऐकायला छान वाटतं. अमेरिकन सैनिक मुंबई बंदरात उतरत, हे खरं. पण त्यांच्या हवाई दलाचा मोठा पसारा आसाम-बंगालकडे होता, हिमालय ओलांडून चीनमधल्या कुनमिंगला माल नेणाऱ्या मार्गावर. भारतीय कारागिरांनी त्यांच्यासाठी चामड्याचे रंगीत तुकडे जोडून बिल्ले शिवले, संग्राहक आजही ते शोधत असतात. बाजारातल्या ढिगातलं जॅकेट मात्र बहुधा परदेशी जुन्या कपड्यांच्या गाठींतून आलेलं असतं.

आता तेल. इथे मी थोडा चिडणार आहे. खोबरेल तेल जुन्या कातड्यात मुरतं आणि तिथेच राहतं. पुढे खवट होतं, सुती धाग्यात आणि लोकरी रिबमध्ये उतरून काळे डाग पाडतं, धुळीला धरून ठेवतं. मुंबईत जुलै-ऑगस्टला हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर, आणि बुरशीला ६५-७० पुरे. तेल लावलेलं जॅकेट कपाटात ठेवणं म्हणजे बुरशीला पान वाढून आग्रह करणं. उन्हाचं तर नावच नको. आतून कुजायला लागलेलं कातडं ओलसर आणि गरम झालं की आकसतं, आणि आकसलेलं परत पसरत नाही.

बुरशी आलीच तर तोंडाला मास्क लावून, गॅलरीत नेऊन, मऊ कोरड्या ब्रशने झाडा. मग पंख्याखाली ठेवा. टांगायला रुंद, गुबगुबीत खांद्याचं हँगर आणि वर धुतलेल्या जुन्या सुती साडीचं आवरण. प्लॅस्टिकची पिशवी नको. चेन अडकत असेल तर दात बहुधा धड असतात, रनर सैल झालेला असतो, तो पकडीने अलगद दाबून बघा. दातांवर पेन्सिलचं शिसं फिरवलं तरी पुष्कळदा काम होतं. चामडं फाटलं असेल तर वरून टाके घालू देऊ नका. सुईची भोकं ओळीने पडली की पोस्टाच्या तिकिटासारखं तिथेच पुन्हा फाटतं. आतून पातळ चामड्याचा तुकडा चिकटवणारा कारागीर धारावीत मिळतो, पण काय नको ते त्याला आधी नीट सांगावं लागतं, नाहीतर तो प्रेमाने पॉलिशही मारून देतो.

अस्तर आणि रिब बदलावीच लागली, तर जुनी फेकू नका. लिफाफ्यात घालून त्याच खिशात ठेवा. रिबचा विणकाम-नमुना, अस्तरावरचा शिक्का, टाक्यांची घनता यांवरूनच पुढचा माणूस साल पडताळणार आहे.

चुलतभावाला हे सगळं फोनवर सांगितलं. त्याने जॅकेटच्या लेबलचा फोटो पाठवला: डीएसए १००, मग ६८. अस्तर नारिंगी. "मग तेल लावायचं का नाही?" म्हणाला. म्हटलं, अरे, ते नायलॉन आहे.