आत्या, ते पत्र काढू नको

परवा केजहून आत्याचा फोन आला. रडतच म्हणाली, "बाबा, लेकराचं पत्र फेसबुकवरून काढून टाकलं बघ. मलाबी आत टाकतेत म्हनं." तिचा थोरला हर्सूल जेलात कच्चा कैदी आहे. त्यानं पोस्टकार्डावर लिहिलं होतं, 'मला केसमध्ये गोवलंय, गावाला सांग. पोरीची फी भर.' नातवानं त्या कार्डाचा फोटो फेसबुकवर टाकला आणि लगेच गावच्या ग्रुपवर फिरता मेसेज आला: 'जेलमध्ये गेलेल्याला बोलण्याचा हक्क नाही. त्याचं म्हणणं सोशल मीडियावर टाकणाऱ्या नातेवाइकांवर गुन्हा. ग्रुप अॅडमिनही आत.'

नातेवाइकांवर गुन्हा? कोणत्या कलमाखाली? मेसेजात एकही कलम नाही. आत्या कैदी नाही, तिचा हक्क कुणी काढून घेतलेला नाही. शिवाय ते कार्ड जेलवाल्यांनी वाचून, शिक्का मारून बाहेर सोडलेलं. त्यात साक्षीदाराला धमकी असती तर गोष्ट वेगळी. इथं बाप पोरीच्या फीबद्दल बोलतोय! असल्या मेसेजनं एका म्हातारीला पोराचा शब्द पुसायला लावला, याचा मला संताप येतो.

आणि कैद्याला हक्कच नाही? प्रभाकर पांडुरंग संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथं त्यांनी अणूवर मराठीत पुस्तक लिहिलं, 'अणूचे अंतरंग'. छापायला बाहेर पाठवू द्या म्हणाले, सरकारनं नकार दिला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 1965 साली कोर्टानं सांगितलं, स्थानबद्धतेच्या अटींत जी मनाई नाही ती सरकारला मनानं लादता येत नाही, पुस्तक बाहेर जाऊ द्या. लक्षात घ्या, चीन युद्धापासूनची आणीबाणी तेव्हा उठलेली नव्हती. तेव्हा अख्खं पुस्तक बाहेर आलं, आज पोस्टकार्ड चालत नाही?

एक मान्य करतो. बराकीत मोबाइल चालत नाही, आतून स्वतः पोस्ट टाकली तर कारवाई होते. कैद्याला मतही देता येत नाही. पण मोबाइलला बंदी म्हणजे तोंडाला बंदी नव्हे. आणि देशातल्या दर 4 कैद्यांपैकी 3 जण कच्चे कैदी आहेत, गुन्हा अजून शाबीतच झालेला नाही.

अॅडमिनचं म्हणाल तर, दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुरात त्याचं संगनमत नसेल तर तो दोषी नाही, असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्येच सांगितलंय.

कार्ड आत्याच्या पेटीत आहे. वकिलाला दाखवलं, त्यांची हरकत नाही. रविवारी केजला जातोय, कार्डाचा फोटो घेऊन पुन्हा टाकायला.