प्रमाणपत्र मिळालं, दाद कुठे मागायची?

16 एप्रिल 2025 ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की 2010 च्या समानता कायद्यातली 'स्त्री' जैविक लिंगाच्या अर्थानेच वाचायची. पाचही न्यायाधीशांचं एकमत होतं. त्यानंतर इथे, ब्रिटनमधल्या मराठी घरांत दोन सूर लागले. 'गोऱ्यांनाही अखेर शहाणपण सुचलं' हा एक आणि 'बघा, आपला देश यांच्या पुढे आहे' हा दुसरा. निकाल ट्रान्स समाजाला मोठा धक्का होता, यात शंका नाही. पण दोन्ही सुरांतून एक गोष्ट निसटली. त्याच कायद्यातलं 'लिंगबदल' या कारणावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचं संरक्षण जागच्या जागी राहिलं. ट्रान्स असल्यामुळे कुणाला कामावरून काढलं, तर आदल्या दिवशी जिथे दाद मागता येत होती तिथेच दुसऱ्या दिवशीही मागता येत होती.

भारतातली चर्चा मात्र वर्षानुवर्षं एकाच दारात अडकलेली दिसते: ट्रान्सजेंडर कोण, आणि ते ठरवायचं कुणी? भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या 'नाल्सा' निकालाने उत्तर दिलं होतं, की ज्याचं त्याने, आणि शस्त्रक्रियेची अट न घालता. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा 2019 चा मूळ कायदा आणि 2020 चे नियम यांनी त्याची सरकारी वाट आखली होती. जिल्ह्यात सलग 12 महिने वास्तव्य, शपथपत्र, पोर्टलवर अर्ज, कुठलीही वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी नाही, 30 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र. अर्ज नाकारला तर 90 दिवसांत अपील. 'पुरुष' किंवा 'स्त्री' अशी नोंद हवी असेल तर मात्र कलम 7 खाली शस्त्रक्रिया आणि रुग्णालयाचा दाखला. नाल्साशी विसंगत असलेली ती मेख तिथेच राहिली.

ब्रिटनचं लिंग-मान्यता प्रमाणपत्र याहून कितीतरी जड. 2004 च्या कायद्याखाली दोन वर्षं त्या ओळखीने जगल्याचे पुरावे, 'जेंडर डिस्फोरिया'चं (जन्माचं लिंग आणि जाणवणारी ओळख न जुळल्याने होणाऱ्या त्रासाचं) निदान, दोन वैद्यकीय अहवाल, आणि अर्जदाराला समोर न बघता कागदांवरून निर्णय देणारं मंडळ. शुल्क 2021 मध्ये 140 पौंडांवरून 5 वर आलं, बाकी कटकट तीच. 2025 च्या निकालातल्या आकड्यानुसार अशी प्रमाणपत्रं अवघ्या 8,464 जणांकडे होती.

पण भेदभावाची तक्रार करायला हे प्रमाणपत्र लागतच नाही. शस्त्रक्रिया नको, डॉक्टरची देखरेख नको. लिंगबदलाचा विचार पक्का केला असला तरी संरक्षण लागू होतं. आणि खरी ताकद पुढे आहे. आजवरच्या नियमाप्रमाणे घटनेपासून तीन महिन्यांना एक दिवस कमी एवढ्या मुदतीत 'एकास' या संस्थेकडे समेटासाठी नोंद करायची, तिथे जमलं नाही तर रोजगार न्यायाधिकरणात जायचं. शुल्क शून्य. भेदभाव झाला असावा असं मानायला जागा आहे इतकं तक्रारदाराने दाखवलं, की तो झाला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते. भरपाईला कमाल मर्यादा नाही. लोक सर्वाधिक चुकतात ते मुदतीत: कंपनीच्या अंतर्गत तक्रारीचा निकाल येईपर्यंत थांबतात आणि तीन महिने निघून जातात. अंतर्गत चौकशी चालू आहे म्हणून हे घड्याळ थांबत नाही.

आता 2019 च्या कायद्याचं कलम 3 वाचा. शिक्षण, नोकरी, आरोग्यसेवा, घर, सार्वजनिक जागा, सगळीकडे भेदभावाला मनाई. छान! ही मनाई मोडली तर? 2019 च्या मूळ मजकुरात शिक्षा कलम 18 मध्ये आहे आणि त्यात वेठबिगारी, सार्वजनिक जागेत अडवणं, घराबाहेर किंवा गावाबाहेर काढणं आणि शारीरिक, लैंगिक, मानसिक, आर्थिक छळ एवढंच येतं. नोकरी नाकारणारा मालक त्यात थेट सापडत नाही. शिवाय शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं. बलात्कारासाठी सर्वसाधारण फौजदारी कायद्यात किमान दहा वर्षं आहेत, इथे लैंगिक अत्याचारालाही दोनच. संसदेला हे दिसलं नसेल यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी हवा, त्याने 15 दिवसांत चौकशी करावी आणि प्रमुखाने पुढच्या 15 दिवसांत कारवाई करावी, असं नियम सांगतात. अधिकारी नेमलाच नाही तर दंड नाही. शेजारी 2013 चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा ठेवून बघा: अंतर्गत समिती नसेल तर 50,000 रुपयांपर्यंत दंड. किंवा 2016 चा दिव्यांग हक्क कायदा: पहिल्या उल्लंघनाला 10,000 रुपयांपर्यंत, पुढच्याला 50,000 ते पाच लाख. म्हणजे अशी तरतूद लिहायची कशी हे दिल्लीला चांगलं ठाऊक आहे.

ही पोकळी ऑक्टोबर 2025 मध्ये उघडी पडली. दोन राज्यांतल्या दोन शाळांतून बाहेर पडावं लागलेल्या ट्रान्स शिक्षिकेला थेट सर्वोच्च न्यायालयात रिट दाखल करावी लागली. न्यायालयाने भरपाई दिली, तक्रार अधिकारी नेमायला सांगितलं आणि समान संधी धोरणासाठी निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. नोकरी गेलेल्या प्रत्येकीने सर्वोच्च न्यायालय गाठायचं, ही काही व्यवस्था म्हणता येणार नाही.

सामूहिक दबावाने भारतात काही मिळालं नाही असं मुळीच नाही. भीक मागणं गुन्हा ठरवणारं कलम आणि जिल्हा छाननी समिती 2018 च्या मसुद्यातून गेली ती आंदोलनांमुळे. 'संगमा' संस्थेच्या याचिकेनंतर 2021 मध्ये कर्नाटकने नोकऱ्यांत एक टक्का समांतर (म्हणजे प्रत्येक जात-प्रवर्गाच्या आतलं) आरक्षण दिलं. महाराष्ट्रात पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा पर्याय 2022 मध्ये आला तो मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) आणि उच्च न्यायालयाच्या रेट्याने. समांतर आरक्षणाची मागणी मला सर्वांत नेमकी वाटते, कारण ट्रान्स व्यक्तीला जातही असते. सगळ्यांना सरसकट ओबीसीत टाकलं तर अनुसूचित जातीतल्या उमेदवाराला एक हक्क सोडून दुसरा घ्यावा लागतो.

ब्रिटनकडून घेण्यासारखा धडा मात्र वेगळ्याच खटल्यात आहे. 2013 मध्ये ब्रिटिश सरकारने न्यायाधिकरणाला शुल्क लावलं. भेदभावाचा दावा सुनावणीपर्यंत न्यायला 1,200 पौंड लागत. 'युनिसन' ही कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 2017 मध्ये शुल्क रद्द झालं. त्या निकालाला कुणी ट्रान्स हक्कांचा विजय म्हणत नाही. पण नोकरी गेलेल्या ट्रान्स कामगाराचं दार त्यानेच उघडलं, आणि गरोदर किंवा दिव्यांग कामगाराचंही. आपल्याकडच्या कामगार संघटना या विषयात कुठे आहेत?

तोवर भारतात तक्रार करणाऱ्याने एवढं करावं. तक्रार अधिकाऱ्याचं नाव ईमेलने विचारावं, तोंडी नको. 15 आणि 15 दिवसांच्या तारखा लिहून ठेवाव्यात. नियुक्तीपत्र, हजेरी, पगाराच्या पावत्या कंपनीच्या संगणकाबाहेर जपाव्यात. सरकारी आस्थापना असेल तर घटनेच्या कलम 226 खाली उच्च न्यायालय आहे, आणि ईमेलला उत्तर न येणं हाही तिथे पुरावाच. खासगी कंपनी असेल तर वाट अवघड, कारण घटनेचं कलम 16 तिला लागू नाही. ब्रिटनमधल्या अनेक कंपन्यांची पुण्यात कार्यालयं आहेत, दोन्हीकडे समानतेचं धोरण शब्दशः सारखं असतं. लंडनमध्ये त्यामागे न्यायाधिकरण असतं, पुण्यात मनुष्यबळ विभागाची मर्जी. कलम 3 मोडल्यास दंड, पुराव्याची जबाबदारी मालकावर आणि तक्रारीसाठी जिल्ह्यातच एक न्यायपीठ, या तीन ओळींची दुरुस्ती संघटनांनी एकत्र येऊन मागायला हवी.